जाणती फळी

टेबल किती उंच असावं यावरून शेवाळ्यांच्या घरात तीन दिवस वाद चालला होता. हिंदुरावांचं म्हणणं अठ्ठावीस इंच, दुकानदाराचं म्हणणं तीस, आणि शालनताईंचं म्हणणं असं की चौसष्टाव्या वर्षी माणसानं पाटावर बसून चार नावं घ्यावीत देवाची, टेबल लागतंच कशाला.

"गेम खेळायला," असं म्हणून हिंदुराव पुन्हा टेप घेऊन खिडकीखाली ओणवे झाले.

"शेजारची पोरं खेळतात ती?"

"तीच. फक्त माझ्या गेमात घाट हाय."

"घाट. पस्तीस वर्षं घाटच केला न्हवं? अजून हौस फिटली न्हाय?"

हौस फिटली नव्हती, हे खरं होतं. गुडघा गेला म्हणून गाडी सुटली, नाहीतर हा माणूस स्टिअरिंगवरच म्हातारा व्हायचा. शालनताईंना हे ठाऊक होतं, म्हणून तर चौथ्या दिवशी त्यांनी आपलं काचेचं कपाट खिडकीपासून हलवू दिलं. वर बजावलं मात्र, की कपाटातला एक कप जरी फुटला तरी गेम अंगणात मांडावी लागेल.

आता घाट गेमात कसा आला हे सांगायचं तर त्या वेळची परिस्थिती सांगायला हवी. रस्त्यावरचे ट्रक तोपर्यंत बिनचालक झाले होते. सोलापूर म्हणू नका, बंगळूर म्हणू नका, कुठून कुठून माल भरून ते आपले आपण यायचे, सिग्नलला थांबायचे, टोलला थांबायचे, कुणाला शिवी न देता चालायचे. पण मोरवळ घाटाच्या तोंडाशी आले की पाणवठ्यावर म्हशी उभ्या राहाव्यात तसे ओळीनं उभे राहायचे. तिथून खाली कोकणात उतरायला त्रेचाळीस वळणं होती, आणि ती वळणं काही यंत्राला जमत नव्हती. मग एखादा माणूस केबिनमध्ये चढायचा, ट्रक खाली नेऊन सोडायचा आणि दुसरा घेऊन वर यायचा. या माणसांना घाटकरी म्हणत. एकशे चाळीस होते. त्यात हिंदुरावांची लेक स्नेहल होती, आणि ती सगळ्यांत सरस आहे हे तिच्यावर जळणारेसुद्धा मान्य करत.

यंत्राला घाट का जमत नव्हता? रस्ता दिसत नव्हता म्हणून नव्हे. धुक्यातसुद्धा त्याला माणसापेक्षा जास्त दिसायचं. अडचण मालाची होती. टँकरमध्ये साखर कारखान्याची पातळ मळी अर्धीच भरलेली असली, की उतारावर ती मागे-पुढे झोके घेते आणि गाडीला आपल्या तालावर ओढते. हा झोका चालकाला डोळ्यांनी कळत नाही, हातांनीही उशिरा कळतो. पहिल्यांदा कळतो तो बुडाला. हिंदुराव नव्या पोरांना सांगायचेच, की हातापायाच्या आधी बूड शिकवा. यंत्रालाही झोक्याची खबर मिळायची, चाकाचाकावर मापकं बसवलेली होती. पण खबर मिळाल्यावर किती थांबायचं, कधी पाय उचलायचा आणि कधी झोक्याला झोका देऊन तो मारायचा, हे त्याला शिकवणार कोण? घाटकरी तर शिकवणार नव्हते. केबिनमध्ये माणसाची नोंद घेणारं कुठलंही यंत्र बसवायचं नाही, अशी लेखी अटच घाटकरी मंडळानं घालून घेतली होती. एसटीतून निवृत्त झाल्यावर पाच वर्षं हिंदुराव स्वतः घाटकरी होते. ती अट घाला म्हणून सभेत टेबलावर मूठ आपटणारे तेच.

आणि गेम घेऊन आला तो बबन लोहार.

बबन म्हणजे हिंदुरावांचा कंडक्टर. कराड-गुहागर गाडीवर दोघांनी एकोणीस वर्षं काढली. घाटात समोरून अवजड गाडी आली आणि एसटी मागे घ्यायची वेळ आली, की बबन उतरून मागे जायचा आणि गाडीच्या पत्र्यावर थाप मारायचा. दोन थापा म्हणजे ये मागे, एक थाप म्हणजे थांब. मागे दोनशे फूट दरी. हिंदुरावांनी आरशात कधी पाहिलं नाही, मान वळवून तर नाहीच नाही. दोन थापा ऐकल्या की गाडी मागे सोडायची. त्यांचे हात स्टिअरिंगवर होते, पण जीव बबनच्या तळहातात होता म्हणा ना.

दोन वर्षांपूर्वी बबनचा मुलगा महेश गेला. तोही घाटकरीच होता, नवा होता, एकतिसाव्या वळणावर टँकर घेऊन गेला तो खालीच. त्यानंतर बबन माणसांतून उठल्यासारखा झाला. कुणाकडे जाईना, येईना. असा बबन एके दिवशी सकाळी आपणहून दारात आला, एका गेमच्या कंपनीत काम धरलंय म्हणाला, मोरवळ घाट हुबेहूब उठवलाय म्हणाला, तेव्हा हिंदुरावांना गेमपेक्षा त्याचा आनंद झाला. मित्र परत मिळाला, या खुशीत त्यांनी लगेच होकार दिला.

टेबल बघायला दोघं कराडच्या बाजारात गेले. दुकानात काचेचं टेबल होतं, हिंदुरावांनी त्यावर कोपर टेकवून बघितलं आणि गार लागतंय म्हणून सोडून दिलं. एक भुशाच्या फळ्यांचं होतं, ते पावसाळ्यात फुगणार हे सांगायला सुतार नको होता. तिसऱ्याच्या कडेनं रंगीत दिवे पळत होते. "गणपती बसवायचा न्हाय मला," हिंदुराव म्हणाले. खुर्च्यांची तर वेगळीच तऱ्हा. लाल-काळ्या, मानेला उशी, कमरेला उशी, पाय पसरायची सोय. हिंदुराव एकीत बसले आणि दोन मिनिटांत उठले.

"ही झोपायची खुर्ची हाय. हिच्यात बसून गाडी हाकली तर कुठं जाईल ते सांगाया नको."

दुकानदार बिचारा हसत राहिला. शेवटी बबन म्हणाला, "टेबल राहू दे. आमची कंपनी चाचणीला देती एक. जाणती फळी बसवलेलं."

"म्हंजे?"

"फळीच्या पोटात केसासारख्या तारा विणल्यात. त्यांच्यावर दाब पडला की जरा जरा वीज उठती. दाबवीज. तू कोपर किती रेटलंस, अंग कुठल्या अंगाला टाकलंस, समदं गेमाला कळतं. आन् उलटं पण हुतं. रस्त्याला खड्डा आला की फळी तुला सांगती."

"माझ्याशी बोलती म्हण की."

"तसंच समज."

मग आठवडाभर घरात सुतारकाम चाललं. स्नेहलनं सुट्टीच्या दिवशी वायरींसाठी टेबलाला भोक पाडलं, स्टिअरिंग घट्ट धरायला लोखंडी पट्टी वळवून आणली, संगणकाचे तीन पडदे शेजारी शेजारी असे लावले की मधल्यात रस्ता आणि दोन्हीकडे डोंगर-दरी दिसावी. क्लच, ब्रेक, अ‍ॅक्सिलेटर अशा तिन्ही पायट्या एका जाड प्लायवर ठोकल्या. खिडकीतून ऊन येऊन पडद्यावर चकाकायला लागलं तेव्हा शालनताईंनी न बोलता खिडकीला जुन्या सतरंजीचा पडदा शिवून दिला. उंची शेवटी अठ्ठावीसच ठेवली.

गेम पहिल्यांदा लावली तेव्हा पडद्यावर बारीक अक्षरांची लांबच लांब यादी आली, खाली 'मान्य' असं हिरवं बटण. हिंदुरावांनी चष्मा शोधला. "हे वाचाया पायजे का?"

बबन टेबलाच्या मागे वायरी बघत उभा होता. त्यानं फळीवर थाप मारली. दोन थापा.

हिंदुराव खुदकन हसले आणि बटण दाबलं.

पहिले दिवस मात्र काही खरं नव्हतं. चित्र झकास, धुकं खरंखुरं, दुसऱ्या वळणावरचा आंबासुद्धा जागच्या जागी. पण गाडी अंगाला लागेना. तिसऱ्याच वळणावर हिंदुराव कठड्यावर जाऊन आदळत. चार दिवसांत त्यांचं तोंड उतरलं, जेवणाची चव गेली. पस्तीस वर्षांत एक ओरखडा न काढलेला माणूस, आणि शेजारची पोरं त्याच्या पुढे निघून जात होती.

पाचव्या दिवशी बबन बसलेला असताना ते एकदम थांबले. "कळलं. चूक कुठं हाय ते कळलं. फळी कोपराखाली ठेवलीय. कोपराला काय कळतंय घाटातलं?"

त्याच दुपारी ते भंगारवाल्याकडे गेले आणि मोडीत निघालेल्या एसटीचं चालकाचं आसन घेऊन आले. स्प्रिंगा कुरकुरत होत्या, रेक्झिन फाटलं होतं, पण बसल्याबरोबर त्यांचा चेहरा खुलला. मग करवत घेतली, तारांचा जोड सांभाळत टेबलाच्या जाणत्या फळीचा दीड हात तुकडा कापला आणि आसनाच्या गादीखाली स्क्रूनं घट्ट बसवला. हे कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. ही अक्कल त्यांची स्वतःची, आणि तिचा त्यांना फार अभिमान वाटला. बबन सगळा वेळ गप्प बसून बघत होता. शालनताईंनी दिलेला चहा त्याच्यापुढे निवून गेला, त्याला साय आली, तरी त्यानं कप उचलला नाही.

त्यानंतर विचारू नका. फळी बुडाखाली थरथरली आणि घाट जागा झाला. मळीचा झोका आला, हिंदुरावांचं अंग त्याच्या आधी तयार. पाय उचल, गाडीला एक श्वास घेऊ दे, माल पुढे येऊन बसला की वळ. त्रेचाळीस वळणं ते अशी उतरले की शालनताई भाकरीचं पीठ लागलेले हात घेऊन दारात उभ्या राहिल्या. रोज सकाळी न्याहारी झाली की तीन तास ते त्या आसनावर. गेममध्ये बाकीचे खेळाडू त्यांना घाटआबा म्हणायला लागले. गेमही त्यांना रोज नवं काहीतरी द्यायची. आज तेलाचा टँकर, उद्या वाळू, परवा जिवंत कोंबड्या, एकदा तर समोरून येणारं वऱ्हाड. हिंदुरावांना वाटायचं, आपला मान ठेवतायत. कामावर जाताना स्नेहल दारातून डोकावायची, एखादं वळण बघायची, "आबा, आज झाक जमलंय," म्हणायची आणि जायची. ते सहा महिने त्या घरात फार सुखाचे गेले.

सहा महिन्यांनी अश्वमार्ग नावाच्या कंपनीला घाटात वीस बिनचालक ट्रक चाचणीला सोडायची परवानगी मिळाली. अट एवढीच की आत एक घाटकरी मांडीवर हात ठेवून बसेल, वेळ पडली तर गाडी ताब्यात घेईल. मंडळात सगळे हसले. असे ट्रक आधीही येऊन गेले होते आणि पाचव्या वळणाच्या पुढे कुणी गेला नव्हता.

पहिल्या दिवशी पाळी स्नेहलची होती. ती दुपारी चार वाजता घरी आली. बूट न काढता आत आली आणि सरळ गेमच्या खोलीत भिंतीला टेकून जमिनीवर बसली.

"आबा, सतराव्या वळणाच्या आधी तुमी पाय का उचलता?"

"का म्हंजे? तिथं उतार फसवा हाय. माल बसू द्यायचा, मग वळायचं. तुला शिकवलंय की."

"आणखी कुणाला शिकवलंय?"

"कुणाला न्हाय. का?"

"ट्रकनं आज तसंच केलं." तिनं ओढणीनं तोंड पुसलं. "सतराव्याला पाय उचलला. अठ्ठाविसाव्याला आधी आत घेऊन मग बाहेर काढलं. समदी त्रेचाळीस वळणं, आबा. मला हात लावावा लागला न्हाय. शेजारी तुमी बसलाय असंच वाटत हुतं. मी सारखी वळून बघत हुते."

स्नेहल उठली, गुडघ्यांवर बसली आणि आसनाची गादी उचलून खालची फळी बघितली. मग तिनं पडद्यावर ती बारीक अक्षरांची यादी काढली आणि उभ्याउभ्या वाचली. खेळाडूच्या शरीराच्या सर्व प्रतिसादांवर कंपनीचा कायमचा हक्क राहील, आणि ते कोणत्याही वाहनासाठी वापरता येतील, असं एकोणिसाव्या कलमात स्वच्छ मराठीत लिहिलं होतं. गेमची कंपनी आणि अश्वमार्ग एकच, हेही तिथंच लिहिलं होतं.

"केबिनमध्ये यंत्र बसवू द्यायचं न्हाय म्हणून तुमी भांडला," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, त्यानंच जास्त लागलं. "आन् हितं घरात, स्वतःच्या हातानं, स्क्रू मारून बसवलंत. एकशे चाळीस घरं हाईत आबा."

"मला ठाव न्हवतं, पोरी."

"वाचायला चष्मा हुता की."

स्नेहल आत गेली आणि दार लावून घेतलं. हिंदुरावांनी पेचकसानं स्क्रू काढले, फळीचा तुकडा बगलेत मारला आणि दुखऱ्या गुडघ्यानं बबनच्या घरी निघाले. रस्त्यात कुणी राम राम केला तर त्यांनी मान वर केली नाही. पस्तीस वर्षांची कमाई कुणीतरी गुपचूप अंगातून काढून नेली होती आणि नेताना आपल्याकडूनच दिवा धरून घेतला होता, याची त्यांना दुःखापेक्षा लाज जास्त वाटत होती.

बबन ओट्यावर पावटे सोलत बसला होता. फळी बघितली आणि त्याचे हात थांबले.

"तुला ठाव हुतं?" हिंदुरावांनी विचारलं.

"हुतं."

"कधीपासनं?"

"पहिल्यापासनं. त्यांना घाट जाणणारा माणूस पायजे हुता. तुझं नाव मीच दिलं." बबननं पावट्याची टोपली बाजूला सरकवली. "फळी आसनाखाली घालायचं मात्र त्यांच्या पण डोक्यात न्हवतं. ते तू केलंस."

"आन् तू बघत बसलास."

"बसलो."

"दोन थापा मारल्यास, बबन्या. एकोणीस वर्षं त्या थापेवर मी दरीकडं गाडी घातली. एकदा मागं वळून बघितलं न्हाय."

"म्हणून तर मारल्या. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर तू चष्मा लावून पहिल्यापासनं शेवटपर्यंत वाचलं असतंस."

हिंदुरावांनी फळी ओट्यावर टाकली. विश्वासघातकी म्हणावं, थोबाडीत द्यावी, दोन्ही मनात आलं. पण बबनची नजर खाली झुकत नव्हती, हे काही त्यांना समजेना.

"कशापायी?" ते म्हणाले. "काय कमी केलं हुतं मी तुला?"

"महेशला घेऊन तुझ्याकडं आलो हुतो. दोनदा. आठवतंय?"

आठवत होतं.

"तू त्याला एकदा शेजारी बसवलंस आन् म्हणालास, ह्याचं बूड मुकं हाय, ह्याला घाट येणार न्हाय. मी हात जोडून म्हणालो, शिकव, जरा जास्त दिवस लागतील. तू म्हणालास, गाढवाला शिकवून घोडा हुत न्हाय. स्नेहलला दोन वर्षं शिकवलंस. माझ्या पोराला दोन महिने दिले न्हाईस. त्यानं दुसऱ्याकडनं कसाबसा परवाना काढला. एकतिसाव्या वळणाला त्याला कुणी सांगितलंच न्हवतं, की पाय कधी उचलायचा."

रस्त्यानं एक रिकामी रिक्षा आपली आपण निघून गेली. दोघंही तिच्याकडे बघत राहिले.

"आता प्रत्येक गाडीत तू हाईस," बबन म्हणाला. "कुणाचं पोरगं बुडानं मुकं असलं म्हणून दरीत जाणार न्हाय. मला पैका नको हुता, हिंदुराव. मला हे पायजे हुतं."

"मग मला विचारायचं हुतं."

"विचारलं असतं तर हो म्हणाला असतास?"

हिंदुराव म्हणाले, "ते मी ठरवणार हुतो. तू न्हाय." मग ते वळून चालू लागले. बबननं हाक मारली नाही. फळी ओट्यावरच राहिली.

पुढचा महिना घाटकरी मंडळानं कलेक्टर कचेरीत खेपा घालण्यात घालवला. करारावर हिंदुरावांनीच मान्यतेचं बटण दाबलेलं असल्यानं तो काही रद्द होईना. शेवटी एक वाट सापडली. चाचणीच्या नियमांत असं होतं, की अनुभवी चालकानं गाडीतून स्वतः प्रवास करून एक जरी गंभीर दोष लेखी दाखवला, तर परवानगी दोन वर्षं लांबणीवर पडते. दोन वर्षांत मुलींची लग्नं होतात, कर्जं फिटतात, माणसं दुसरा धंदा बघतात. मंडळानं हिंदुरावांचं नाव सुचवलं. कंपनीनं आनंदानं मान्य केलं, कारण त्यांच्याहून मोठा जाणकार कंपनीलाही कुठून मिळणार?

महिनाभर स्नेहल बापाशी कामापुरतं बोलत होती. त्या दिवशी सकाळी तिनं त्यांची काठी आणून दिली आणि म्हणाली, "एक दोष, आबा. जास्त नको. एकच शोधा."

"शोधतो. माझीच विद्या हाय, तिची खोड मला ठाव असणार."

मुद्दाम सगळ्यांत वाईट माल निवडला होता. अर्धा टँकर मळी, आणि घाटात दाट धुकं. चालकाच्या जागी स्नेहल मांडीवर हात ठेवून बसली. हिंदुराव शेजारी. परिवहन अधिकाऱ्यांची जीप मागून येणार होती.

हिंदुरावांची एक खोड सगळ्या नातलगांत प्रसिद्ध होती. दुसऱ्याच्या गाडीत घाट उतरताना त्यांना बसवत नसे. उजवा पाय सारखा नसलेला ब्रेक दाबायचा, हात पुढच्या फळीला धरलेला, डोळे रस्त्यावरून हलायचे नाहीत. आजही ते तसेच बसले. ट्रक निघाला. पहिलं वळण, दुसरं वळण, आंबा धुक्यातून आला आणि गेला. हिंदुराव सगळ्या अंगाचे कान करून बसले होते. चौथ्याला त्यांना वाटलं आता उशीर केला, पण नाही, नेमका तेवढाच वेळ घेतला जेवढा त्यांनी घेतला असता. नवव्याला मळीचा झोका आला, ट्रकनं झोक्याला झोका दिला. त्यांचं बूड म्हणालं, बरोबर. सतराव्याला पाय उचलला गेला, गाडीनं श्वास घेतला. बरोबर. ते चुकीची वाट बघत होते आणि चूक येत नव्हती. पायाचा जोर कधी कमी झाला त्यांना कळलं नाही. हात फळीवरून मांडीवर आला. बाहेर पांढरं धुकं, आत इंजिनाची एकसुरी घरघर, आणि प्रत्येक वळण त्यांच्या मनातल्या वळणावर तंतोतंत येऊन बसत होतं.

ट्रक थांबल्याच्या हिसक्यानं ते दचकले. खिडकीबाहेर ऊन होतं, नारळाची झाडं होती, चिखलात बदकं फिरत होती. घाट संपून खाली सपाटी लागली होती. बाविसावं वळण त्यांना आठवत होतं, तेविसावं आठवत नव्हतं. एकतिसावं कधी गेलं हेसुद्धा त्यांना माहीत नव्हतं.

परिवहन अधिकारी तरुण होते, पण बोलण्यात अदब होती. खिडकीतून त्यांनी कागद आणि पेन पुढे केलं. "आजोबा, इथं प्रवासात आढळलेले दोष लिहायचे. काय वाटलं ते लिहा. तुमच्या शब्दावर आम्ही शंका घेणार नाही. तुम्ही लिहाल ते ग्राह्य."

हिंदुरावांनी पेन हातात घेतलं. तेविसाव्या वळणाला ट्रकनं उशीर केला, एवढं एक वाक्य पुरेसं होतं. कोण तपासणार होतं? वर घाटमाथ्यावर एकशे चाळीस घरं होती, आणि एक घर त्यांचं स्वतःचं. त्यांनी पेनचं टोक कागदाला टेकवलं.

स्नेहल त्यांच्याकडेच बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण राग कुठं दिसत नव्हता, आणि ते पाहून त्यांचा हात थांबला. अधिकाऱ्यांना ऐकू जाऊ नये इतक्या हळू आवाजात तिनं विचारलं, "आबा, माझ्या गाडीत तुमी कधी डोळा मिटला न्हाईत. हिच्यात झोप कशी लागली?"